गरम झाली की बंद पडते! जुन्या गाडीचे निदान कसे करावे?

आखाजीच्या सुमारास धुळे-जळगाव रस्त्यावर एखादी जुनी ॲम्बेसेडर बंद पडली, की पुढचा कार्यक्रम ठरलेला असतो. बॉनेट उघडायचे, फडके पाण्यात भिजवून इंजिनाच्या अंगाला असलेल्या पेट्रोल पंपावर ठेवायचे, निंबाच्या सावलीत चहा घ्यायचा आणि अर्ध्या तासाने चावी फिरवायची. गाडी सुरू होते. ‘पेट्रोलची वाफ झाली होती,’ असे निदान जाहीर होते. दहा-पंधरा किलोमीटरवर गाडी पुन्हा उभी राहते.

फडक्याचा उपाय खोटा नाही. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतला पारा ४५ च्या आसपास जातो. बॉनेटखाली तर तो त्याहून बराच वर असतो. पंप टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतला दाब कमी होतो आणि कमी दाबाखाली द्रव आणखी लवकर उकळतो. पंप द्रव ढकलण्यासाठी बनवलेला असतो. वाफ त्यात नुसती दाबली जाते, पुढे सरकत नाही. ओल्या फडक्यातले पाणी उडून जाताना पंपाची उष्णता घेऊन जाते. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. खान्देशातल्या कोरड्या हवेत तो जसा छान चालतो आणि कोकणात चालत नाही, तसेच या फडक्याचेही आहे.

अडचण निदानाची आहे. गाडी गरम झाल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे, या एकाच लक्षणामागे किमान तीन कारणे असू शकतात. पहिले म्हणजे पेट्रोलची वाफ. दुसरे, इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर. त्यांच्या आतले वेटोळे किंवा विद्युतरोधक थर तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा काम करतो. तिसरे, टाकीच्या झाकणाचे हवा घेण्याचे बारीक छिद्र धुळीने बुजणे. पेट्रोल बाहेर जाते पण त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो आणि पुरवठा थांबतो. गाडी उभी राहिली की हळूहळू हवा झिरपते. म्हणजे तिन्ही दोष अर्ध्या तासात ‘बरे’ होतात. गुण फडक्याने आला की नुसत्या वेळेने, हे त्यातून कळत नाही.

पहिली पाच मिनिटे मोलाची

म्हणून तपासणी गाडी बंद पडल्यापडल्याच करायला हवी, थंड झाल्यावर नव्हे. गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून आधी टाकीचे झाकण उघडावे. ‘सुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि झाकण पुन्हा लावून गाडी लगेच सुरू झाली, तर दोष छिद्राचा. ते बारीक तारेने मोकळे केले की काम झाले.

आवाज आला नाही तर झाकण घट्ट लावून ठिणगी पाहावी. एखादा जादा स्पार्क प्लग गाडीत ठेवलेला असावा. तो प्लगच्या वायरला जोडून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि दुसऱ्या माणसाने सेल्फ मारावा. वायर कोरड्या, रबरी मुठीच्या पकडीने धरावी, कारण तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो. निळी, खणखणीत ठिणगी आली तर वीज ठीक आहे. ठिणगी पिवळी, अशक्त असेल किंवा नसेलच, तर फडके कितीही भिजवा, दोष पंपाचा नाही.

ठिणगी चांगली असेल तरच पेट्रोलकडे वळावे. पंपाला काचेची वाटी असेल तर तिच्यात बुडबुडे दिसतात का ते पाहावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. ठिणगीची तपासणी आधी, पेट्रोलची नळी सोडवणे नंतर. दोन्ही एकाच वेळी कधीही करू नये. आणि तापलेल्या काचेच्या वाटीवर थंड पाणी ओतू नये, ती तडकते.

खान्देशातली ब्रिटिश घराणी

आपल्याकडच्या अनेक ‘देशी’ गाड्यांचे मूळ ब्रिटिश आहे. ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेचा भारतीय अवतार. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले आणि २०१४ मध्ये थांबले. तिचे १४८९ सीसीचे जुने इंजिनही ब्रिटिश आराखड्याचे. बुलेट मूळची इंग्लंडमधील रेडिचची. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सशी भागीदारी झाली आणि ती तिरुवोट्टियूरला बनू लागली. मूळ ब्रिटिश कंपनी १९७० च्या सुमारास संपली, तरी बिडाच्या इंजिनाची बुलेट इथे पुढे कित्येक दशके तयार होत राहिली. शेतातल्या जुन्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरचे कूळही तेच. १९६१ मध्ये लुकास या ब्रिटिश कंपनीबरोबर लुकास-टीव्हीएस सुरू झाल्यावर अशा गाड्यांचे सेल्फ, डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटर देशातच मिळू लागले.

या घराण्यांची काही वैशिष्ट्ये ठाऊक असावीत. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश वाहनांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीला चार्जर, रेडिओ किंवा दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडण्याआधी कोणते टोक बॉडीला आहे, हे डोळ्यांनी पाहावे.

नटबोल्टांचेही तसेच. जुन्या बुलेटमध्ये व्हिटवर्थ घराण्याचे आटे सापडतात. त्या पान्यावर लिहिलेले माप बोल्टच्या जाडीचे असते, नटाच्या डोक्याचे नसते. त्यामुळे ‘अर्धा इंच’ लिहिलेला व्हिटवर्थ पाना साध्या अर्ध्या इंचाच्या पान्याहून बराच मोठा निघतो. जवळपासचा मिलिमीटरचा पाना लावला, की नटाचे कोपरे झिजतात आणि पाच मिनिटांच्या कामाला छिन्नी-हातोडी लागते.

दोष बहुतेक वेळा सांध्यात असतो

जुन्या गाडीची वीज बिघडली, की आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ, मग डायनॅमो. दोष मात्र अनेकदा एखाद्या गंजलेल्या सांध्यात असतो. हिशेब सोपा आहे. सेल्फ फिरताना साधारण १५० अँपिअर प्रवाह ओढतो. एखाद्या सांध्यात फक्त ०.०२ ओहम इतका रोध असला, तरी १५० गुणिले ०.०२ म्हणजे ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतले ९ व्होल्टच सेल्फपर्यंत पोचले, तर तो कण्हत फिरणारच. ०.०२ ओहम साध्या मीटरवर नीट मोजताही येत नाही, पण ३ व्होल्टचा फरक लगेच दिसतो.

म्हणून काही शे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन व्होल्ट मोजावेत. ऋण अर्थिंगच्या गाडीत मीटरची लाल तार बॅटरीच्या धन खांबावर आणि काळी सेल्फच्या जाड टोकावर ठेवून सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला, तर मधल्या केबलमध्ये किंवा सांध्यात दोष आहे. मग लाल तार इंजिनाच्या स्वच्छ धातूवर आणि काळी बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवून तेच करावे. इथेही आकडा मोठा आला, तर अर्थिंग खराब.

अर्थिंगची गंमत अशी, की इंजिन रबराच्या आधारांवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. त्यासाठी इंजिन ते बॉडी अशी विणलेली तांब्याची पट्टी असते. कधी तरी इंजिन उतरवले जाते आणि ती पट्टी परत बसवायची राहते. मग सेल्फचा प्रवाह मिळेल ती वाट शोधतो, म्हणजे चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर चोक बदलू नका, आधी पट्टी पाहा.

उभ्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीचे माप सुमारे १२.६ व्होल्ट असते, १२.२ म्हणजे ती निम्मी उतरली. इंजिन वेगात असताना माप १४ च्या आसपास यावे. न आल्यास दोष डायनॅमो, रेग्युलेटर किंवा फॅनच्या पट्ट्यात शोधावा. जुना डायनॅमो साधारण २० ते २५ अँपिअरच देतो, आणि मंद गतीत त्याहून फारच कमी. अशा गाडीला १०० वॉटचे दोन हॅलोजन बल्ब लावले, तर तेच १६-१७ अँपिअर खातात. बॅटरी रोज उतरते, पण खरा धोका वेगळाच आहे. जुन्या ब्रिटिश मोटारींत बहुधा दोनच फ्यूज असत आणि हेडलाइट अनेकदा फ्यूजविनाच. बारीक जुन्या वायरीतून जादा प्रवाह गेला की तिचे आवरण वितळते आणि डॅशबोर्डमागे धूर निघतो. मोठे दिवे हवेच असतील तर जाड वायर, रिले आणि स्वतंत्र फ्यूज घालूनच लावावेत.

बुलेटच्या काट्याची भाषा

पॉइंटच्या इग्निशनमध्ये दोन टोके मिटतात तेव्हा कॉइलमधून प्रवाह वाहतो. ती उघडतात त्या क्षणी प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. बुलेट काय किंवा जुनी ॲम्बेसेडर काय, पॉइंटमधले अंतर साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात आणि ते फिलर गेजने मोजतात. अंतर बदलले की ठिणगीची वेळही बदलते. म्हणून आधी अंतर आणि मग टायमिंग, हाच क्रम. पॉइंट वारंवार काळे पडत असतील, तर काचपेपर घासत बसण्याऐवजी कंडेन्सर बदलून पाहावा.

जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या वरच्या भागात एक छोटा ॲमीटर असतो. तो शोभेचा नाही. चावी चालू करून किक सावकाश दाबावी. पॉइंट मिटलेले असताना काटा वजा बाजूला झुकतो. ते उघडताच काटा मध्यावर येतो. त्या वेळी पिस्टन दाबाच्या फेरीत वरच्या टोकाजवळ असतो. तिथे थांबून डीकॉम्प्रेसरची दांडी दाबायची, किक अगदी थोडी पुढे सरकवायची, दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण किक मारायची. या पद्धतीत पिस्टन वरच्या टोकाच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे उलटी किक बसून घोटा किंवा गुडघा दुखावण्याची शक्यता फार कमी होते. तरीही किक वारंवार उलटी येत असेल, तर टायमिंग फार पुढे आहे किंवा ते आपोआप पुढेमागे करणारी वजने अडकली आहेत.

हाच काटा निदानही करतो. सावकाश किक मारताना तो हललाच नाही, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा कॉइलपर्यंत वीज पोचत नाही. वजा बाजूलाच अडकला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कुठे तरी वायर बॉडीला टेकली आहे. मात्र इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून तासभर विचार करू नये, कॉइल जळते.

घाट, पाणी आणि क्षार

चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना जुनी मोटार उकळली, की दोष रेडिएटरला दिला जातो. तो बऱ्याचदा खराही असतो. बेसाल्ट खडकातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. पाणी तापवायच्या भांड्याला आतून जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आत बसतो. तो उष्णता धातूपेक्षा किती तरी पटींनी कमी वाहतो. रेडिएटरमध्ये कूलंट आणि शुद्ध पाणीच घालावे आणि बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर. पण रेडिएटर खोलण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. फॅनचा पट्टा सैल नाही ना? आणि टायमिंग मागे पडलेले नाही ना? ठिणगी उशिरा पडली की जळण उशिरा होते, जास्त उष्णता सिलिंडरच्या भिंतींना आणि एक्झॉस्टला जाते, आणि रेडिएटर चांगला असूनही इंजिन तापते.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याचे कारण असे. साधारण ७ पौंडांच्या दाबाच्या झाकणाखाली पाणी ११० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण उघडताच दाब जातो, पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो आणि उरलेले उकळते पाणी तोंडावर येते. अर्धा तास थांबणे हाच उपाय.

पेट्रोल बदलले, गाडी तीच

या गाड्या शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या. शिसे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक असल्याने ते पेट्रोलमधून काढले गेले आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. समाजाच्या आरोग्यासाठी तो मोठा निर्णय होता. पण जुन्या बिडाच्या हेडमध्ये शिसे हे व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजण्यापासून रक्षण करी. ॲम्बेसेडरच्या जुन्या इंजिनात टॅपेटचे अंतर सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेवतात. ते पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह बैठकीत रुतत चालला आहे. हेड उतरवून कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतील. बिडाच्या बुलेटमध्ये हिशेब वेगळा. तिथे इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, पण वर-खाली खेळू नये.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल जुने रबर आणि काही गॅस्केट फुगवते, मऊ करते. हवेतला ओलावाही शोषते. जुन्या रबरी नळ्या घाम आल्यासारख्या ओलसर दिसू लागल्या, तर ती आगीची पूर्वसूचना समजावी. नळ्या, डायफ्रॅम आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग इथेनॉल सहन करणारीच बसवावी आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

मिस्त्रीच्या अंगाची काळजी

गाडीचा भाग बदलता येतो, माणसाचा नाही. नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची सवय गॅरेजांत सर्रास दिसते. गिळले जाण्याइतकाच, किंबहुना जास्त, धोका पेट्रोल श्वासनलिकेत जाण्याचा आहे. थोडेसे पेट्रोलही फुप्फुसात पसरून गंभीर दाह करते. असे झाल्यास उलटी काढू नये, कारण उलटीबरोबर पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत जाऊ शकते. खोकला, धाप किंवा गुंगी दिसली तर लगेच रुग्णालय गाठावे. आणि त्याआधीच काही रुपयांचा हातपंप आणून ठेवावा.

शटर ओढून इंजिन चालू ठेवू नये. जुन्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर येणे ही उन्हाचीच लक्षणे वाटतात. बंद जागेत ती जाणवली तर आधी मोकळ्या हवेत यावे.

बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. जवळ विडी, ठिणगी नको. बॅटरी काढताना बॉडीला जोडलेले टोक आधी सोडवावे आणि जोडताना शेवटी जोडावे. म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. आम्ल डोळ्यात गेल्यास किमान १५-२० मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे आणि डॉक्टरांकडे जावे. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन अनेक वर्षांनी कर्करोग घडवू शकते. म्हणून ड्रम हवेने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावा. हात पेट्रोलने धुणे टाळावे आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

कायदा आणि वही

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार आणि १० वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचे ५ हजार रुपये. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोज गाडी वापरणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

पॉइंटचा आवाज ऐकून टायमिंग सांगणारे मिस्त्री आता बरेच वयस्कर झाले आहेत. त्यांचे कान वारशाने मिळत नाहीत, पण मोजमापे लिहून ठेवता येतात. डॅशबोर्डच्या कप्प्यात शंभर पानी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, लक्षण, काय मोजले, किती आले आणि काय केले, एवढेच लिहावे. बॅटरीचे व्होल्ट, पॉइंटचे अंतर, टॅपेटचे अंतर, ग्रीस कधी मारले, नळ्या कधी बदलल्या, सगळे. वर्षभरात त्या वहीत तुमच्याच गाडीचे आरोग्यपत्रक तयार होईल. पुढच्या उन्हाळ्यात ती रस्त्यात थांबली, तर मिस्त्रीला फोन लावताना ‘बंद पडली’ एवढेच सांगावे लागणार नाही. ‘ठिणगी आहे, टाकीचे झाकण मोकळे आहे, पंपाच्या वाटीत बुडबुडे दिसतात,’ असे सांगता येईल. मग फडके नेमके कुठे ठेवायचे, हेही नक्की कळेल.